गृहीतक क्रमांक चार

त्र्यंबक रोडवरचं हॉटेल, दुसरा मजला,
निवृत्तिनिधीच्या विश्वस्तांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण.
दारात अंगठ्याचं यंत्र. माझा अंगठा त्याला दिसेना.
ताई, पुसून लावा, मुलगी म्हणाली.
पुसला. रुमालाला, मग पदराला.
शेवटी तिनं वहीत सही घेतली.

एकतीस वर्षं नोटा तपासतोय हा अंगठा,
नाशिकरोडच्या छापखान्यात, भोंगा ते भोंगा.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
डोळ्याआधी त्याला कळतं.
रेषा गेल्या त्या नोटांवरच.
कुठल्या गावात, कुणाच्या खिशात असतील आता.

छातीवर बिल्ला: रोहिणी गांगुर्डे, कामगार विश्वस्त.
शेजारी पगारे, सुरक्षा विभागाचे,
ज्यांच्या आडनावावर जेवणापर्यंत तीन विनोद झाले.

कपाडिया सर मुंबईचे. माणूस चांगला.
व्याजदर चढला की रोख्याचा भाव का उतरतो
हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.
विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, म्हणाले,
दुसऱ्याचं ते आपल्याहून जपायचं.
मी लिहून घेतलं, पण नवं नव्हतं.
दिवसभर हाताखालून कोट्यवधी जातात
आणि सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचा,
उरलेली पोळी उचलून, भाजी हलवून.

दुपारी सराव. प्रत्येक गटाला एक कागद.
काल्पनिक निधी, काल्पनिक तूट. भरून काढा.
पगारे म्हणाले, वर्गणी वाढवू.
कुणी म्हणालं, शेअर.
खैरनार, लेखा विभागातला पोरगा,
लॅपटॉपवर चौथ्या गृहीतकापाशी गेला.
निवृत्तीनंतर माणूस सरासरी किती वर्षं जगतो:
एकवीसच्या जागी त्यानं वीस टाकलं.

तूट गेली.
खालची लाल ओळ काळी झाली.
कुणीतरी हळूच 'वा' म्हणालं.

माझा अंगठा कागदावरच्या त्या एकवीसवर होता.
काहीतरी लागलं.

दोंदेबाई.
कटिंगला होत्या. निवृत्त होऊन एकविसावं चालू.
दर नोव्हेंबरात जेलरोडवरून चालत येतात
बँकेत हयातीचा दाखला द्यायला.
यंत्र त्यांनाही ओळखत नाही.
काउंटरवरचा विचारतो, आजी, आहात ना?
तूच बघ की बाबा, म्हणतात,
आणि पिशवीतून त्याला पेरू देतात.
दिवाळीत त्यांनी नवा मिक्सर घेतला,
पाच वर्षांच्या गॅरंटीचा, भांडून.

सर, मी विचारलं, हे वर्ष कुणाचं काढलं?

ते हसले नाहीत, हे सांगितलं पाहिजे.
कुणाचंच नाही, म्हणाले. सरासरी आहे ती.
मग पेनचं टोपण लावलं, परत काढलं.
पण तुमच्या खऱ्या सभेत असा आकडा हलला
तर ॲक्च्युअरीला विचारा, का हलला. लेखी विचारा.
उत्तर येईपर्यंत सही करू नका.

खैरनार मान खाली घालून वीसचं एकवीस करत होता.
तूट परत आली,
उशिरा आलेल्या सभासदासारखी
खुर्ची ओढून बसली.
चहा आला. बिस्किटं मऊ पडलेली.
कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
मग पगारेंनी कोरा कागद पुढे ओढला
आणि वर लिहिलं: वर्गणी.

सीबीएसवरून नाशिकरोडची बस उभ्यानंच.
कंडक्टरनं दहाच्या चार नोटा परत दिल्या.
सवयीनं अंगठा फिरला. तीन ठीक,
एकीचा कोपरा कुणीतरी चिकटपट्टीनं सांधलेला,
सरळ, मन लावून.
ती वेगळ्या कप्प्यात ठेवली.

उद्या सकाळी दहा वाजता, दिवस दुसरा.
विषय: जोखीम.